घोडा आणि वैरण

डहाणू तालुक्यांतील सरावली आणि तेथून तलासरीपर्यंत पसरलेले वारल्यांचे पाडे पाहून परतणाऱ्या शहरी माणसाच्या एक गोष्ट सहसा ध्यानांत येत नाहीं. तेथें घोडा दारांत बांधलेला आढळत नाहीं. भिंतीवर मात्र हटकून आढळतो. वारली लग्नांत सुवासिनी घराच्या आंतल्या, गेरूनें सारवलेल्या भिंतीवर तांदळाच्या पिठानें चौक लिहितात, आणि त्या चौकावांचून लग्न लागत नाहीं. मोठ्या चौकटींत पालघाट देवी असते. शेजारच्या लहान चौकटींत पंचशिऱ्या देव असतो, आणि तो घोड्यावर बसलेला असतो. गंजाडचे जिव्या सोमा मशे यांनीं हीच चित्रकला भिंतीवरून कागदावर आणली, ती देशोदेशीं पोंचली, आणि २०११ सालीं त्यांना पद्मश्री मिळाली. आज मुंबई-पुण्याच्या दिवाणखान्यांत टांगलेल्या वारली चित्रांतून दोन त्रिकोणांच्या धडाचे ते चपळ घोडे दौडत असतात. ज्या समाजाला बैलजोडीहि दुर्मिळ होती, त्याच्या लग्नाच्या भिंतीवर घोडा कोठून आला?

या किनाऱ्यावर चांगला घोडा आला तो समुद्रांतून. दक्षिणेंतल्या राजांना अरबस्तान आणि इराणचीं जनावरें हवीं असत, आणि तीं जहाजांतून कोंकणच्या व मलबारच्या बंदरांत उतरत. तेराव्या शतकाच्या अखेरीस मार्को पोलो यानें ठाण्याविषयीं एक चमत्कारिक हकीगत लिहून ठेवली आहे. तेथील राजाचा समुद्रावरील चांच्यांशीं करार होता: लुटींतला बाकी माल तुमचा, घोडे मात्र आमचे. एका जनावरासाठीं राजानें आपल्या किनाऱ्यावर लुटारूंना मोकळीक द्यावी, यावरून त्याची किंमत कळून येते. त्याच प्रवाशानें पूर्व किनाऱ्याविषयीं लिहिलें आहे कीं, तेथें दरवर्षीं घोडे हजारांनीं येतात आणि वर्ष सरण्याच्या आंत बहुतेक मरून जातात. कारण त्यांची निगा कोणाला ठाऊक नाहीं, आणि जाणते नालबंद व्यापारीच तिकडे जाऊं देत नाहींत. घोडे मेले तरच पुढच्या वर्षीं नवे खपावयाचे! गिऱ्हाइकाच्या अज्ञानावर चालणारा धंदा कांहीं आजचा नव्हे.

समुद्रांतून आलेला घोडा पुढें फौजेबरोबर डोंगरांत शिरला. १६६४ च्या जानेवारींत शिवाजी महाराजांनीं सुरत लुटली, तेव्हां त्यांचे स्वार जव्हारच्या मुलखावरून गेले, असें सांगतात. १७३९ सालीं चिमाजी अप्पांच्या मोहिमेंत डहाणू, तारापूर आणि अखेरीस वसई हीं ठाणीं पोर्तुगीजांकडून मराठ्यांकडे आलीं, आणि अंमलदारांचीं घोडीं या पट्ट्यांत फिरूं लागलीं. वारल्यांनीं घोडा पाहिला असेल तो असा, रस्त्याच्या कडेला उभें राहून. जो त्यावर बसून येई तो राजा, शिपाई किंवा सारा मागणारा असे. देवाला घोड्यावर बसवावें असें वाटण्यास एवढें पुरें होतें.

आतां ज्याच्या दावणीला खरा घोडा होता त्याच्याकडे वळूं. मराठी शिलेदार म्हणजे स्वतःचा घोडा आणि स्वतःचीं हत्यारें घेऊन चाकरीस येणारा माणूस. भीमा आणि नीरा यांच्या काठचीं भीमथडीचीं तट्टें त्याच्या विशेष आवडीचीं. दिसावयास बेतांचीं, परंतु काटक. दिवसभर चालून रात्रीं मिळेल त्या काडीवर भागवणारीं. घोडा मालकाच्या पावलाच्या आवाजाला कान टवकारतो, हांक ओळखतो, अंधारांत वाट चुकलेल्या धन्याला गोटापर्यंत आणून सोडतो. दुडकीवरून रवाल चालीवर आणि रवालीवरून चौखूर जातांना मांडीखालीं जें बळ उसळतें, त्याचें वर्णन शिलेदारानें कधीं लिहून ठेवलें नाहीं. दसऱ्याला तो घोड्याला न्हाऊं घाली, झेंडूची माळ घाली, पूजा करी, आणि सीमोल्लंघनानंतर त्याच पाठीवर बसून मुलुखगिरीला निघे. घरांतल्या पोरांना जें नांव ठेवावयाचें राहिलें असेल तें घोड्याला मिळे.

पण हें सुख फुकट नव्हे. मध्यम बांध्याच्या घोड्याला दिवसाकांठीं पंधरा ते वीस पौंड वाळलें गवत लागतें, वर तोबऱ्यांत हरभरा किंवा हुलगे. बैल काम नसतां अर्ध्या वैरणीवर राहतो. घोडा काम असो वा नसो, खातोच. पांच-सहा आठवड्यांनीं नाल बदलावे लागतात. रोज खरारा करणारा मोतद्दार हवा, आगाडी-पिछाडी बांधावयास दोर व मेखा हव्या. शिवाय या जनावराच्या देहरचनेंत एक खोड अशी आहे कीं, त्याला ओकारी येत नाहीं. बुरसटलेला दाणा पोटांत गेला कीं पोटशूळ उठतो, आणि संध्याकाळीं धडधाकट असलेला घोडा उजाडतां आडवा होतो. विकत घेतांना भोवऱ्यांचें शास्त्र आडवें येई. गळ्याखालीं देवमण असला तर किंमत चढे. डोळ्याखालीं आंसूढाळ असला तर धन्याच्या घरीं रडणें येणार म्हणून उत्तम जनावरहि मातीमोल होई. केसांच्या एका वळणावरून संसार बुडतो ही समजूत हंसण्यासारखी खरी. परंतु ज्याचा संसार खरोखरच एका जनावरावर उभा होता त्यानें असे शकून पाहिले, यांत नवल कसलें?

कारण शिलेदाराचा घोडा लढाईंत पडला कीं त्याची चाकरीहि पडली. पेशवाईच्या अखेरच्या काळांत मराठ्यांच्या नोकरींत राहिलेल्या विल्यम टोन या आयरिश अधिकाऱ्यानें ही गोष्ट नेमकी हेरली होती. घोडा स्वाराच्या मालकीचा, आणि तो गेला तर नुकसानहि स्वाराचेंच. मग त्यानें तोफेच्या तोंडीं घोडा कां घालावा? ज्याला बाहेरच्यांनीं भित्रेपणा म्हटलें, तो पुष्कळदां संसारी माणसाचा हिशेब होता. तरुणपणीं कर्ज काढून घेतलेला घोडा, त्याचें व्याज अजून फिटावयाचें, आणि समोर गोळे सुटताहेत. अशा वेळीं लगाम आपोआप आंखडला जाई.

यावर उपाय शंभर-सव्वाशें वर्षांपूर्वींच योजलेला होता. शिवाजी महाराजांच्या लष्करांत पागेला मान अधिक असे. पागेंतला बारगीर सरकारच्या घोड्यावर बसे. सभासदानें या व्यवस्थेचें वर्णन दिलें आहे: पंचवीस बारगिरांवर एक हवालदार, आणि दर पंचवीस घोड्यांमागें एक पखालजी व एक नालबंद. शिलेदारहि असत, परंतु ते पागेच्या हुकमतीखालीं. घोडा मेला तर सरकारचा मेला. स्वारानें जिवाची काळजी करावी, घोड्याच्या किमतीची नव्हे. व्यवस्था शहाणपणाची होती यांत शंका नाहीं. मात्र तिच्यांत एक उणीव राहते: जें जनावर आपलें नाहीं त्याला रात्रीं उठून पाणी कोण पाजणार? शिलेदार घोड्याला जपे, पण लढाईंत घालीत नसे. बारगीर लढाईंत घाली, पण जपेलच असें नसे. दोन्ही गुण एका ठायीं आणणारी व्यवस्था पुढें कोणालाहि सांपडली नाहीं.

ही उणीव खुद्द महाराजांच्या नजरेंतून सुटली नव्हती. राज्याभिषेकाच्या सुमाराचें त्यांचें एक पत्र प्रसिद्ध आहे. चिपळुणाजवळ पावसाळ्यासाठीं छावणीला असलेल्या पागेच्या जुमलेदारांना, हवालदारांना व कारकुनांना तें लिहिलेलें आहे. कोंकणचा पाऊस घोड्याला मानवत नाहीं. चिखलांत खूर कुजतात, गोमाशा सळो कीं पळो करतात, आणि त्या माशांमधून सरा नांवाचा ताप पसरतो; त्या तापाचा जंतु ग्रिफिथ इव्हान्स या पशुवैद्यानें १८८० सालीं शोधून काढला, पण त्यापूर्वीं कित्येक पागा त्यानें ओस पडल्या असतील. पत्रांतला मुद्दा मात्र रोगाचा नाहीं, गवत-दाण्याचा आहे. सांठा आतांच मनास येईल तसा उडवाल तर भर पावसांत मिळणार नाहीं, घोडीं उपाशीं मरतील, आणि तीं तुम्हींच मारल्यासारखें होईल. मग तुम्ही कुणब्याच्या घरीं जाल. कोणी दाणा आणील, कोणी भाकर, कोणी गवत, कोणी भाजी. रयतेला तुम्ही मोंगलांहून वाईट वाटाल. चुली व चिलमी गवतापासून दूर ठेवा, आणि दिवा जळत ठेवूं नका, कारण उंदीर पेटलेली वात ओढून नेतो, इतकी बारीक सूचना त्यांत आहे. या पत्राची थोरवी सर्वांनीं गाइली आहे. परंतु त्यांतलें मर्म असें कीं, उपाशी घोड्याची भूक शेवटीं कोणाच्या दारांत जाऊन उभी राहते हें लिहिणाऱ्याला पक्कें ठाऊक होतें.

पुढच्या काळांत तें तितकेंसें आठवणींत राहिलें नाहीं. थोरल्या बाजीरावांची ती आख्यायिका सर्वांना माहीत आहे: निजामानें चितारी पाठविला कीं, बाजीराव जसा दिसेल तसा लिहून आण. त्यानें चित्र आणलें तें असें: भाला खांद्यावर, लगाम घोड्याच्या मानेवर सोडलेला, आणि स्वार जोंधळ्याचीं कणसें तळहातावर मळून खात चालला आहे. १७२८ सालीं पालखेडला निजामाला कोंडणारी चपळाई या चित्रांत पुरी उतरली आहे. कणसें कोणाच्या शेतांतलीं, हें मात्र चिताऱ्यानें विचारलें नाहीं. आणि जेथें शेतें हातचीं गेलीं तेथें काय झालें, तें १७६१ च्या पानिपतावर दिसलें. शत्रूनें रसद तोडली, गोटांतलीं जनावरें वैरणीवांचून मरूं लागलीं, आणि निर्णायक दिवशीं ज्या घोड्यांवर भिस्त ठेवावयाची त्यांच्या बरगड्या मोजतां येत होत्या.

पेशवाई बुडाली तरी शिलेदार हा शब्द बुडाला नाहीं. इंग्रजांनीं आपल्या हिंदी रिसाल्यांसाठीं तो उचलला. नव्या स्वारानें भरती होतांना ‘असामी’ म्हणून रक्कम भरावी आणि तींतून त्याचा घोडा व सरंजाम यावा. शिवाय सर्वांनीं ‘चंदा’ द्यावा आणि कोणाचा घोडा मेला तर त्या चंद्यांतून दुसरा घ्यावा. जुन्या शिलेदाराची धास्ती अशी वांटून घेण्याची युक्ति चांगली होती, शांततेच्या दिवसांपुरती. १९१४ च्या महायुद्धांत घोडे इतक्या झपाट्यानें खर्ची पडले कीं, चंद्यानें खड्डा भरेना. १९२१ पर्यंत ही पद्धति मोडीत निघाली. भीमथडीचें तट्टू मात्र धनगरांच्या बिऱ्हाडाबरोबर ओझीं वाहत टिकून राहिलें, आणि अलीकडेच त्याची स्वतंत्र जात म्हणून सरकारी नोंद झाली.

घोडा रणांगणावरून शहरांत आला तरी त्याचें खाणें कमी झालें नाहीं. मुंबईंत १८७४ पासून १९०५ पर्यंत ट्राम घोडे ओढीत. व्हिक्टोरिया गाड्या, शेटजींच्या बग्ग्या, शर्यतींचीं जनावरें आणि त्यांच्या जोडीला गवळ्यांच्या म्हशी. एवढ्या तबेल्यांना गवत पुरवणार कोण? १८६४ सालीं मुंबई-सुरत रेल्वे सुरू झाली आणि ठाणें जिल्ह्याच्या वरकस जमिनींचा मोल वाढला. डहाणू त्या वेळीं याच जिल्ह्यांत होतें. पालघर जिल्हा झाला तो २०१४ मध्यें. पाऊस सरला कीं माळावरचें गवत कापावयाचें, वाळवावयाचें, दाबून गांसड्या बांधावयाच्या आणि मुंबईकडे रवाना करावयाच्या. हें काम जमीनदारांसाठीं वारल्यांनीं केलें. त्यांच्यांतले कित्येक ‘लग्नगडी’ होते. लग्नासाठीं सावकाराकडून कांहीं रुपये उचलावयाचे आणि त्या रुपयांपायीं नवरा-बायकोनें वर्षानुवर्षें त्याच्या शेतावर राबावयाचें, असा हा प्रकार. १९३९ च्या सिमिंग्टन अहवालानें तो सरकारच्या पुढें मांडला. भिंतीवरच्या घोडेस्वार देवाला साक्ष ठेवून लग्न लागे, आणि त्या लग्नाचें देणें दुसऱ्याच्या दावणीसाठीं गवत कापून फेडावें लागे. तें फिटत नसे.

१९४५ च्या मे महिन्यांत तलासरीजवळच्या झरी येथें शामराव व गोदावरी परुळेकर यांच्या किसान सभेची परिषद भरली आणि वेठीला नकार द्यावयाचें ठरलें. त्याच सालीं गवत कापणीचा हंगाम आला तेव्हां वारल्यांनीं विळे खालीं ठेवले. १० ऑक्टोबर रोजीं तलवाडा येथें जमलेल्या लोकांवर पोलिसांनीं गोळीबार केला. त्यांत पांच जण ठार झाले. मागणी अशी होती कीं, पांचशें पौंड गवत कापल्याचे अडीच रुपये मिळावेत. पांचशें पौंड गवत म्हणजे एका घोड्याचें महिन्याभराचें खाणें.