गणकाच्या बाहेरची स्मृती

सोलापूरच्या पूर्व भागातील एखाद्या यंत्रमाग कारखान्यात शिरले की पहिली काही मिनिटे खडखडाटाशिवाय काहीच जाणवत नाही. कान सरावले की मान आपोआप वर जाते. मागाच्या डोक्यावर जकार्डचा सांगाडा असतो. दोऱ्याने एकमेकांना ओवलेली पुठ्ठ्याच्या भोकाभोकांच्या पत्त्यांची लांबच लांब माळ त्यावरून सरकत असते. चादरीवरचा मोर किंवा वेलबुट्टी मागाला 'पाठ' नसते, ती त्या माळेत असते. माळ बदलली की तोच माग वेगळी नक्षी विणू लागतो.

आम्हाला लिहायचे आहे ते खरे तर आलेख काढणाऱ्या कॅल्क्युलेटरविषयी आणि त्याला घरच्या घरी जादा स्मृती जोडणाऱ्या हौशी मंडळींविषयी. पण सोलापुरातून त्या विषयाकडे जाणारी वाट मागावरूनच जाते, म्हणून आधी मागाचे पाहू.

जोसेफ मारी जकार्ड या फ्रेंच गृहस्थाने १८०४ च्या सुमारास हे यंत्र सिद्ध केले. कल्पना सर्वस्वी त्याची नव्हती. १७२५ मध्ये बुशाँने भोके पाडलेला कागद आणि १७२८ मध्ये फाल्काँने पुठ्ठ्याचे पत्ते वापरून पाहिले होते. यंत्राचे काम असे चालते. धोटा एकदा आडवा जाण्यापूर्वी एक पत्ता सुयांच्या रांगेवर दाबला जातो. समोर भोक असेल तर सुई आरपार जाते, तिचा आकडा जागेवर राहतो आणि ताण्याचा धागा उचलला जातो. भोक नसेल तर सुई मागे ढकलली जाते, आकडा सुटतो आणि धागा खालीच राहतो. भोक किंवा भोक नाही, म्हणजेच एक किंवा शून्य. ४०० आकड्यांच्या जकार्डचा एक पत्ता ४०० बिट, म्हणजे ५० बाइट माहिती धरतो. हे ५० बाइट लक्षात ठेवावेत, पुढे उपयोगी पडतील.

इंग्लंडमधील चार्ल्स बॅबेज या गणितज्ञाकडे जकार्डचे रेशमात विणलेले एक चित्र होते. ते विणायला सुमारे २४,००० पत्ते लागले होते. प्रत्येक पत्त्यावर हजाराहून अधिक भोकांच्या जागा होत्या. हिशेब केला तर तीस लाख बाइट भरतात. बॅबेजने आपल्या नियोजित 'विश्लेषक यंत्रा'साठी हेच पत्ते घेतले. आकडेमोड करणाऱ्या भागाला त्याने 'मिल' आणि आकडे ठेवण्याच्या भागाला 'स्टोअर' म्हटले. गिरणी आणि कोठार! गिरणगावात वाढलेल्या माणसाला संगणकाची ही परिभाषा परकी वाटू नये.

बॅबेजची एक योजना आम्हाला फार आवडते. गणित करताना यंत्राला एखाद्या संख्येचा लॉगरिथम हवा असेल, तर ते घंटा वाजवून थांबेल. मदतनिसाने कपाटातून नेमका पत्ता आणून लावायचा. यंत्र तो तपासून घेईल, आणि चुकीचा निघाला तर आणखी मोठी घंटा वाजवील. लॉग टेबलात चुकीची ओळ पाहणाऱ्या विद्यार्थ्यासाठीही अशी घंटा असती तर किती बरे झाले असते! यंत्राच्या पोटात सगळे मावणार नाही, काही बाहेर ठेवावे लागेल आणि बाहेरून आणलेले तपासून घ्यावे लागेल, हे त्याने ओळखले होते. ते यंत्र मात्र त्याच्या हयातीत पुरे झाले नाही.

आता खिशातल्या यंत्राकडे वळू. १९७४ मध्ये ह्यूलेट-पॅकार्ड कंपनीने एचपी-६५ हा कॅल्क्युलेटर ७९५ डॉलरला बाजारात आणला. त्यात १०० पायऱ्यांचा प्रोग्रॅम बसे. एका पायरीला ६ बिट, म्हणजे सगळे मिळून ७५ बाइट, आपल्या हिशेबाने दीड पत्ता! बटण बंद केले की तेवढेही पुसले जाई. म्हणून त्याच्यासोबत चुंबकीय लेपाच्या छोट्या पट्ट्या मिळत. फटीत पट्टी सरकवली की आतली मोटर ती ओढून घेई आणि प्रोग्रॅम पट्टीवर उतरे किंवा पट्टीवरून आत येई. पट्टीचा कोपरा कापला की तिच्यावर पुन्हा लिहिता येत नसे. १९७५ च्या अपोलो-सोयुझ मोहिमेत हा कॅल्क्युलेटर अंतराळात गेला होता. पुढे कॅसिओने काही कॅल्क्युलेटरांना साधा टेपरेकॉर्डर जोडण्याची सोय केली, तेव्हा गाण्याच्या कॅसेटवर प्रोग्रॅम साठवता येऊ लागले.

पडद्यावर आलेख काढणारा पहिला कॅल्क्युलेटर, कॅसिओ एफएक्स-७००० जी, १९८५ चा. प्रोग्रॅमसाठी त्यात ४२२ बाइट जागा होती. जकार्डचे साडेआठ पत्तेही नाहीत. १९९२ मध्ये टेक्सास इन्स्ट्रुमेंट्सचा टीआय-८५ आला, त्यात सुमारे २८ किलोबाइट मोकळी जागा होती. ते झाले ५७३ पत्ते. पण ही स्मृती बॅटरीच्या जिवावर टिके. सेल संपले आणि आतली छोटी राखीव बॅटरीही संपली, की वर्षभर लिहिलेले सारे प्रोग्रॅम जात. अमेरिकेत १९९५ पासून कॅल्क्युलसच्या एका मोठ्या परीक्षेला असा कॅल्क्युलेटर आवश्यक ठरला, त्यामुळे तो हजारो मुलांच्या दप्तरात होता. आपल्याकडे बारावीला लॉग टेबलावर भागत आल्याने बहुतेक वाचकांनी तो हाताळला नसेल.

टीआय-८५ च्या बुडाशी एक बारीक छिद्र होते, वॉकमनच्या कानयंत्राच्या छिद्राहून किंचित लहान. दोन कॅल्क्युलेटर तारेने जोडून प्रोग्रॅम देता-घेता यावा, यासाठी ते होते. त्यात तीन तारा. एक भूतार, बाकी दोन तांबडी आणि पांढरी. स्वस्थ असताना दोन्हींवर दाब असतो. पाठवणाऱ्याला शून्य पाठवायचा असेल तर तो तांबडीवरचा दाब उतरवतो. घेणारा ते पाहून पांढरीवरचा उतरवतो, म्हणजे 'मिळाला' म्हणतो. मग पहिला तांबडी सोडतो आणि दुसरा पांढरी. एक पाठवायचा असेल तर तारांची अदलाबदल करायची. प्रत्येक बिटाची पोच मिळत असल्याने एक यंत्र जलद आणि दुसरे मंद असले तरी बिघडत नाही.

इथेच हौशी मंडळींना वाव मिळाला. समोर दुसरा कॅल्क्युलेटरच आहे की नाही, हे पाहण्याचे साधन पहिल्याकडे नव्हते. रिवाजाप्रमाणे पोच देणारे काहीही चालत होते. आधी मुलांनी तारा जोडून संगणकावर प्रती काढल्या. मग १९९४ मध्ये काहींनी स्मृतीची ती प्रत संगणकावर बदलून पुन्हा आत भरली आणि कंपनीने न दिलेली सोय मिळवली. कॅल्क्युलेटर थेट यंत्रभाषेतले प्रोग्रॅम चालवू लागला. नंतर संगणकही टाळून खिशातच स्मृती नेण्याचे प्रयत्न झाले. वीज गेली तरी न विसरणारी, ईईप्रॉम जातीची चिप त्यासाठी सोयीची होती. २४ सी २५६ या आठ पायांच्या चिपमध्ये ३२ किलोबाइट मावतात, म्हणजे टीआय-८५ च्या सगळ्या मोकळ्या जागेहून जास्त. ही चिपही दोनच तारांवर बोलते, मात्र तिची भाषा निराळी. तिची एक तार ठेका धरते आणि दुसरीवरून माहिती जाते. म्हणून मध्ये एक लहानसा मायक्रोकंट्रोलर दुभाष्या म्हणून बसवायचा. मराठी, तेलुगू आणि कन्नड एकाच दुकानात ऐकणाऱ्या सोलापूरकराला दुभाष्याचे महत्त्व वेगळे सांगायला नको.

२००४ च्या टीआय-८४ प्लसमध्ये यूएसबीची खाच आली. पेन ड्राइव्ह वाचण्याची सोय कंपनीने दिली नव्हती, ती हौशींनीच लिहिली. कंपनीला हे सारे रुचत होते असे नाही. यंत्राच्या मूळ कार्यप्रणालीवर ५१२ बिटांच्या संख्येचे कुलूप होते. २००९ मध्ये एका छंदिष्टाने घरच्या एका संगणकावर सुमारे अडीच महिने गणित चालवून त्या संख्येचे अवयव पाडले. कंपनीने ही माहिती काढून टाकण्याच्या कायदेशीर नोटिसा धाडल्या आणि डिजिटल हक्कांसाठी लढणारी एक संस्था हौशींच्या बाजूने उभी राहिली. विकत घेतलेले यंत्र उघडून पाहण्याचा हक्क कोणाचा, हा प्रश्न त्या वादातून ठळक झाला. आम्ही हौशींच्या बाजूचे आहोत. पण परीक्षा घेणाऱ्या शिक्षकाची अडचणही खोटी नाही. ज्या यंत्राला हवी तेवढी स्मृती जोडता येते, त्यात मुलाने काय भरून आणले आहे हे त्याने कसे तपासावे?

मागावरही ही घडामोड झाली. १९८३ मध्ये इलेक्ट्रॉनिक जकार्ड प्रदर्शनात आले आणि पुठ्ठ्याचे काम विद्युतचुंबक करू लागले. अशा मागात नक्षी पेन ड्राइव्हवरूनही भरता येते. एखादा जुना पत्ता कोणाकडून मिळाला तर वर्गात जरूर न्यावा आणि उजेडासमोर धरून भोकांच्या जागा मुलांना मोजू द्याव्यात. मग दोन मुलांना समोरासमोर उभे करून त्यांच्यामध्ये एक तांबडी आणि एक पांढरी दोरी ताणून धरायला सांगावी. दोरी खाली ओढणे म्हणजे दाब उतरवणे. न बोलता, वर सांगितलेल्या रिवाजाने, एकाने दुसऱ्याला १३ ही संख्या पाठवायची, म्हणजे १, १, ०, १. कोणी पोच द्यायला विसरले की खेळ तिथेच अडतो, आणि कोणाच्या हातून अडला ते मुले लगेच ओरडून सांगतात.