दोन भाषांचा भुर्दंड?

न्यू ब्रन्सविक हा कॅनडाच्या पूर्व किनाऱ्यावरचा छोटा प्रांत. लोकवस्ती आठ लाखांच्या आसपास. इंग्रजी आणि फ्रेंच या दोन्ही भाषांना अधिकृत दर्जा देणारा कॅनडातला हा एकमेव प्रांत. लुई रोबिशो मुख्यमंत्री असताना, १९६९ साली, तसा कायदा झाला. तेव्हापासून तिथे एक मत घट्ट मूळ धरून आहे : द्विभाषिकता ही गरीब प्रांताला न परवडणारी चैन आहे, तिच्यापायी खजिना रिता होतो आणि गुंतवणूकदार पाठ फिरवतो. या मताला राजकीय बळही कमी नाही. १९९१ साली द्विभाषिकतेला विरोध करणारा कॉन्फेडरेशन ऑफ रीजन्स हा पक्ष आठ जागा मिळवून विधानसभेत मुख्य विरोधी पक्ष झाला होता.

प्रतिपक्षाचे म्हणणे हलके करून मांडावे आणि मग ते खोडावे, यात पुरुषार्थ नाही. म्हणून पूर्वपक्ष आधी त्याच्या पूर्ण ताकदीनिशी मांडतो. माणसे थोडी, तीही विखुरलेली. तरी शाळांच्या व्यवस्था दोन, आरोग्यसेवेची मंडळेही दोन. प्रत्येक कायदा, प्रत्येक अर्ज, प्रत्येक पाटी दुहेरी. दोन्ही भाषा बोलू शकणारे लोक जेमतेम एक तृतीयांश. म्हणजे ज्या नोकरीला दोन्ही भाषा लागतात, तिचे दार उरलेल्या दोन तृतीयांशांना बंद. शिवाय हा प्रांत कित्येक दशके गरीब प्रांतांना केंद्राकडून मिळणाऱ्या समानीकरण अनुदानावर गुजराण करतो. अशा घरात दुहेरी खर्च कशाला?

युक्तिवाद वजनदार वाटतो. तपासू या.

दारिद्र्याचे खापर भाषेवर फोडायचे, तर शेजारी काय सांगतात ते आधी ऐकले पाहिजे. नोव्हा स्कोशिया आणि प्रिन्स एडवर्ड आयलंड या प्रांतांचा कारभार प्रामुख्याने इंग्रजीत चालतो. समानीकरण अनुदान १९५७ साली सुरू झाले तेव्हापासून तेही ते घेत आले आहेत. न्यूफाउंडलँड तर जवळपास संपूर्ण इंग्रजीभाषी. १९९२ साली कॉड माशाच्या मासेमारीवर बंदी आली आणि तिथून हजारो लोक पोटासाठी बाहेर पडले. त्यांना कोणत्या फ्रेंच पाटीने हाकलले? न्यू ब्रन्सविकच्या दुखण्याची कारणे अशीच जुनी आणि उघड आहेत. लाकडी जहाजांचा जमाना संपला. १८७९ च्या संरक्षक जकातींच्या धोरणाने कारखानदारी मध्य कॅनडाकडे ओढून नेली. १९५९ साली सेंट लॉरेन्सचा जलमार्ग खुला झाला आणि मोठी जहाजे किनाऱ्यावरची बंदरे सोडून थेट आतल्या सरोवरांपर्यंत जाऊ लागली. पुढे कागद गिरण्या बसल्या. डॅलहाउसी या गावची गिरणी २००८ मध्ये बंद पडली. ससेक्स या इंग्रजीभाषी गावाजवळची पोटॅशची खाण २०१६ मध्ये थांबली. यातल्या एकाही घटनेत भाषाकायद्याचा हात दाखवता येत नाही.

आता खर्च. सरकारी खर्चाकडे कडक नजरेने पाहणाऱ्या फ्रेझर इन्स्टिट्यूटनेच २०१२ साली एक अभ्यास प्रसिद्ध केला. त्यात २००६ सालचा या प्रांताचा द्विभाषिकतेवरचा खर्च सुमारे साडेआठ कोटी डॉलर काढला आहे. टीकाकारांच्या सोयीचा हाच आकडा आपण धरू. दरडोई तो वर्षाला सव्वाशे डॉलरच्या आत बसतो आणि प्रांताच्या एकूण खर्चाच्या दोन टक्केही भरत नाही. एवढ्याने खजिना रिता होतो? शिवाय हा आकडा फडकावणारे जमेच्या बाजूबद्दल अवाक्षर काढत नाहीत. एकच बाजू लिहिलेल्या वहीला हिशेब म्हणत नाहीत.

जमेची बाजू पाहायची तर याच प्रांतातल्या मॉन्क्टन शहरात जावे लागेल. १९७६ साली ईटन्स या दुकानसाखळीचा टपालाने मालविक्रीचा कारभार इथे बंद झाला. १९८८ मध्ये सीएन रेल्वेचे कारखाने गेले, आणि त्यांच्याबरोबर शहराचा मुख्य पगारही. शहर संपले असेच बहुतेकांना वाटले. त्याच सुमारास फ्रँक मॅकेना मुख्यमंत्री होते. एनबीटेल या दूरध्वनी कंपनीचे नवे डिजिटल जाळे आणि दोन भाषा बोलणारी माणसे, हे भांडवल घेऊन ते कंपन्यांची दारे ठोठावत फिरले. कॉल सेंटरे आली, यूपीएस ही पार्सल कंपनी आली. कंपन्यांना सवलती दिल्या गेल्या हे खरेच. पण सवलती इतर प्रांतही देत होते. त्यांच्याकडे नव्हती ती मॉन्क्टनची माणसे.

कॉल सेंटरच्या खुर्चीत बसलेल्या माणसाचे काम पाहा. फोन उचलताना तो दोन्ही भाषांत नमस्कार करतो. पलीकडून येणाऱ्या पहिल्या शब्दावरून भाषा ठरते. टोरंटोच्या ग्राहकाची तक्रार इंग्रजीत मिटते, पुढच्याच मिनिटाला क्वेबेकमधला ग्राहक त्याच्या फ्रेंचमध्ये बोलू लागतो. पगार एकच, खुर्ची एकच, आणि बाजारपेठ अख्ख्या कॅनडाची. पुढे केवळ इंग्रजीतले असे काम मनिलाला आणि आपल्या पुण्याला स्वस्तात होऊ लागले. क्वेबेकच्या ग्राहकाशी त्याच्या बोलीत बोलणारी माणसे पुण्यात इतक्या सहज कुठून मिळणार?

आणि एकभाषिकांची दारे बंद होतात म्हणता? द्विभाषिक मनुष्यबळासाठी आलेली कंपनी आपले इंग्रजी कामही तिथेच थाटते. अर्थतज्ज्ञ पिएर-मार्सेल देजार्दां आणि डेव्हिड कॅम्पबेल यांनी २०१५ च्या अहवालात नेमका हा मुद्दा मांडला आहे : या उद्योगाचा लाभ फक्त इंग्रजी येणाऱ्यांनाही झाला. २००२ मध्ये मॉन्क्टनने स्वतःला अधिकृतपणे द्विभाषिक शहर जाहीर केले. २०१६ ते २०२१ या काळात मॉन्क्टन महानगराची लोकसंख्या ८.९ टक्क्यांनी वाढली. त्याच प्रांतातल्या, मुख्यतः इंग्रजीभाषी सेंट जॉन महानगराची ३.५ टक्क्यांनी. गुंतवणूकदार पाठ फिरवतो ती अशी?

इथे एक गोष्ट मान्य केली पाहिजे. उत्तरेकडचे फ्रेंचभाषी पट्टे आजही मागे आहेत. नुसती भाषा असून उद्योग येत नाहीत. रस्ते, विद्यापीठ, विमानतळ, शहराचा आकार हेही लागते. पण मग एवढ्याच न्यायाने भाषेमुळे उद्योग जातात हेही म्हणता येत नाही.

राहिला शेवटचा आक्षेप : कॉल सेंटरचा पगार तो केवढा! आक्षेप रास्त आहे, पण अर्धवट आहे. त्याच मॉन्क्टनमध्ये असोम्पसियों ही अकेडियन, म्हणजे तिथल्या फ्रेंचभाषी, लोकांनी उभी केलेली विमा कंपनी आहे. १९७८ पासून तिथल्या विद्यापीठात इंग्लिश परंपरेचा कॉमन लॉ फ्रेंचमधून शिकवला जातो. अनुवाद, विमा, कायदा ही काही हलकी कामे नव्हेत. आणि बड्या भांडवलाचे म्हणाल, तर सेंट जॉनचा आयर्विंग तेलशुद्धीकरण कारखाना कॅनडातला सर्वांत मोठा आहे. दिवसाला तीन लाख वीस हजार पिंपांची त्याची क्षमता. फ्लॉरेन्सव्हिलमध्ये १९५७ साली सुरू झालेल्या मॅकेन कंपनीचे बटाट्याचे काप आज गुजरातेत मेहसाण्यालाही तयार होतात. दोन्ही इंग्रजीभाषी घराण्यांचे उद्योग, आणि दोघांचाही पसारा १९६९ नंतर वाढतच गेला.

दोन्ही भाषा एक तृतीयांशांनाच येतात, ही उणीव खरी आहे. तिच्यावर उतारा म्हणजे शाळेत फ्रेंच अधिक चांगली शिकवणे. हे तिथल्या इंग्रजीभाषी पालकांना त्यांच्या पुढाऱ्यांपेक्षा आधी कळले आहे. प्रांत सरकारने २०२२ अखेरीस इंग्रजी शाळांतला फ्रेंच माध्यमाचा अभ्यासक्रम मोडीत काढून नवी योजना आणायचे ठरवले. जनसुनावण्यांत पालकांनी तिला कडाडून विरोध केला आणि फेब्रुवारी २०२३ मध्ये सरकारला ती मागे घ्यावी लागली.