समान संधी
नोकरी, शिक्षण वा निवडणुकीत जात, धर्म, लिंग किंवा जन्मस्थान आड न येता प्रत्येकाला उमेदवारी करता येणे. जागा मिळेलच, अशी हमी या शब्दांत नाही. राज्यघटनेचा अनुच्छेद १६ सरकारी नोकऱ्यांत ही संधी देतो आणि त्यातच मागासवर्गीयांसाठी आरक्षणाची मुभाही ठेवतो. जाहिरातींतला ‘समान संधी नियोक्ता’ हा प्रयोग मात्र इंग्रजीचा शब्दशः तर्जुमा, कानाला खटकतोच.

‘समान संधी’ आणि ‘समान वाटणी’ यांत गल्लत होते. देवासला तुकोजी व जिवाजी पवार या भावांच्या घराण्यांची थोरली पाती आणि धाकटी पाती अशी दोन राज्ये एकाच गावात नांदत. १९४८ मध्ये दोन्ही मध्य भारतात विलीन झाली. दोन भावांच्या घराण्यांत राज्य असे विभागले जाणे, ही झाली वाटणी. हिस्सा वारसालाच मिळतो, संधीला वारसा लागत नाही.

निवडणुकीतल्या संधीतही आरक्षण आहेच: आज पवारांच्याच जुन्या राजधानीचा धार लोकसभा मतदारसंघ अनुसूचित जमातींसाठी, तर देवास अनुसूचित जातींसाठी राखीव आहे. राज्यघटनेच्या मसुदा समितीचे अध्यक्ष डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांचे जन्मगाव महू इंदूर जिल्ह्यात असले, तरी लोकसभेसाठी धार मतदारसंघातच मोडते.