चित्र घरी काढता येतं, पण भिंत कोण देणार? बॉम्बे आर्ट सोसायटीची गोष्ट

विदर्भ एक्स्प्रेस दुपारी गोंदियाहून सुटते आणि दुसऱ्या दिवशी सकाळी सीएसएमटीला पोचते. तिथून वीस-पंचवीस मिनिटं चाललं की काळा घोडा येतो आणि तिथेच जहांगीर आर्ट गॅलरी आहे. तिरोडा नाहीतर आमगावच्या एखाद्या मुलीने काढलेलं चित्र त्या भिंतीवर लागायचं असेल, तर गाडीच्या हिशेबाने अंतर एका रात्रीचं आहे.

पण चित्र आणि भिंत यांच्या मधे कोणीतरी लागतं. हॉलचं भाडं भरणारं, आलेल्या ढिगातून चित्रं निवडणारं, लोकांना बघायला बोलावणारं. खासगी गॅलरी हे काम करते, पण तिला खपणारं नाव हवं असतं. सरकारही करतं, पण सरकारच्या वेळापत्रकाने. तिसरा प्रकार म्हणजे कलाकार आणि कलाप्रेमींनी मिळून चालवलेली, नफा न कमावणारी संस्था. महाराष्ट्रात या प्रकारातलं सगळ्यात जुन्यांपैकी एक आणि सगळ्यात गाजलेलं नाव म्हणजे बॉम्बे आर्ट सोसायटी. स्थापना १८८८.

तर ही सोसायटी सुरुवातीला आपल्यासाठी नव्हतीच म्हणायला हरकत नाही. मुंबईतले हौशी चित्रकार, त्यात बहुतेक युरोपियन, साहेब आणि मडमा, यांना वर्षातून एकदा आपली चित्रं दाखवता यावीत आणि शहरात कलेची आवड वाढावी, असा तो मामला. जे. जे. स्कूल ऑफ आर्ट १८५७ पासून सुरू होतं, तिथून शिकून देशी पोरं बाहेर पडत होती. शिकून झालं की चित्र दाखवायचं कुठे, हा प्रश्न मात्र तसाच होता.

कोल्हापूरहून आलेल्या महादेव विश्वनाथ धुरंधर यांनी १८९० साली जे. जे.मध्ये पाऊल ठेवलं. १८९५ साली त्यांना सोसायटीचं सुवर्णपदक मिळालं. हे पदक मिळवणारे पहिले भारतीय म्हणून त्यांचं नाव घेतलं जातं. पुढे ते त्याच जे. जे.मध्ये शिकवायला लागले, रावबहादूर झाले आणि आठवणींचं पुस्तक लिहिलं, ‘कलामंदिरातील एकेचाळीस वर्षे’. जुन्या मुंबईची कलेची दुनिया कशी होती हे मराठीत वाचायचं असेल तर ते पुस्तक शोधाच. त्याच दशकात गणपतराव म्हात्रे नावाच्या विद्यार्थ्याने ‘मंदिरपथगामिनी’ हे शिल्प घडवलं. तेही सोसायटीच्या प्रदर्शनातून गाजलं.

आता पदकात असं काय असतं? धातूचा तुकडाच तो. पण त्या काळात पोट्रेटची कामं संस्थानिक आणि श्रीमंत शेटजींकडून यायची. कोणाला काम द्यायचं हे त्यांना कळणार कसं? पदक ही खूण होती. प्रदर्शनाची भिंत एक-दोन आठवड्यांत रिकामी व्हायची, पण पदकाच्या जोरावर पुढची दहा वर्षं कामं मिळायची.

आणि म्हणूनच भांडणंही व्हायची.

कारण भिंत देणाऱ्याच्या हातात आणखी एक गोष्ट असते, ती म्हणजे नकार. निवड समितीत कोण बसणार, त्यांना कसलं चित्र आवडणार, यावर कोणाचं नशीब उघडणार ते ठरतं. १९१८ साली सावळाराम हळदणकर आणि त्यांच्या सोबतच्या चित्रकारांनी वेगळी चूल मांडली, आर्ट सोसायटी ऑफ इंडिया. भारतीय चित्रकारांना स्वतःच्या हातातलं व्यासपीठ हवं होतं. हळदणकर म्हणजे जलरंगांतले दिग्गज. हातात दिवा घेतलेल्या, बोटांच्या फटींतून उजेड सांडणाऱ्या त्या तरुणीचं चित्र तुम्ही कॅलेंडरवर किंवा व्हॉट्सअ‍ॅपवर नक्की पाहिलं असणार. ते त्यांचंच.

असं नाकारणं-बिनसणं फक्त मुंबईतच चालायचं असंही नाही. अमृता शेर-गिल यांची काही चित्रं शिमल्याच्या कलासंस्थेने नाकारली आणि एका चित्राला बक्षीस दिलं. त्यांनी ते बक्षीस परत पाठवलं. मुंबईने मात्र १९३७ साली त्यांच्या ‘तीन मुली’ या चित्राला सोसायटीचं सुवर्णपदक दिलं. तेव्हा त्या चोवीस वर्षांच्या होत्या.

पण सगळ्यात भारी किस्सा आहे तो १९४७ चा.

कृष्णाजी हौळाजी आरा हे हैदराबादजवळच्या बोलारमचे. लहानपणी घरातून पळून मुंबईत आले. लोकांच्या घरी कामं केली, मोटारी धुतल्या, मिठाच्या सत्याग्रहात तुरुंगातही जाऊन आले. उरलेल्या वेळात चित्रं काढायचे. टाइम्स ऑफ इंडियाचे कलासमीक्षक रूडी फॉन लायडन यांच्या नजरेत ते भरले. लायडन, टाइम्सचेच कला संचालक वॉल्टर लँगहॅमर आणि चित्रं विकत घेणारे एमॅन्युएल श्लेसिंगर हे तिघं हिटलरच्या काळात युरोप सोडून मुंबईत आलेले. तिघांनी मिळून इथल्या तरुण चित्रकारांना पुस्तकं दाखवली, घरी बोलावलं, चार पैसे मिळवून दिले.

तर आरा यांचं एक मोठं चित्र बॉम्बे आर्ट सोसायटीने प्रदर्शनासाठी नाकारलं. फ्रान्सिस न्यूटन सूझा यांचं डोकं फिरलं. सूझा मूळचे गोव्याचे, आधीच जे. जे.मधून काढून टाकलेले आणि भांडायला कायम तयार. नकाराची ती ठिणगी पडली आणि प्रोग्रेसिव्ह आर्टिस्ट्स ग्रुप उभा राहिला, असं सांगितलं जातं. सूझा, आरा, सय्यद हैदर रझा, मकबूल फिदा हुसेन, हरी अंबादास गाडे आणि शिल्पकार सदानंद बाकरे असे सहा जण.

आणि गंमत बघा. या बंडखोरांचं मुंबईतलं पहिलं एकत्र प्रदर्शन १९४९ साली भरलं कुठे? रॅम्पार्ट रोवरच्या बॉम्बे आर्ट सोसायटीच्याच सलोनमध्ये. उद्घाटनाला मुल्कराज आनंद. ज्या संस्थेवर राग काढायला ग्रुप काढला, भिंत तिचीच मिळाली. सोसायटीच्या बाजूने बोलायचं तर हा तिचा मोठेपणाच. आणि ग्रुपच्या बाजूने बोलायचं तर दुसरी भिंत होती कुठे? जहांगीर आर्ट गॅलरी उघडायला अजून तीन वर्षं होती.

रझा यांचं पहिलं एकल प्रदर्शन १९४६ साली याच सलोनमध्ये झालं होतं. १९४८ साली त्यांना सोसायटीचं सुवर्णपदक मिळालं. हुसेन सिनेमाची होर्डिंगं रंगवायचे, त्यांचं चित्र १९४७ च्या वार्षिक प्रदर्शनात लागलं आणि तिथून लोक त्यांना ओळखायला लागले. त्याच हुसेन यांचं ‘ग्राम यात्रा’ मार्च २०२५ मध्ये न्यूयॉर्कच्या लिलावात सुमारे ११८ कोटी रुपयांना गेलं.

गोंदियाच्या वाचकाने इथे जरा थांबावं. या सहापैकी दोघं आपल्याच बाजूचे. गाडे अमरावती जिल्ह्यातल्या तळेगाव दशासरचे. रझा मंडला जिल्ह्यातल्या जंगलातल्या बाबरिया गावचे, वडील वनखात्यात. मंडला म्हणजे आपल्या गोंदिया-बालाघाट-नैनपूर लाइनवरून फुटणाऱ्या फाट्याचं टोक. दोघंही नागपूर स्कूल ऑफ आर्टमध्ये शिकले. म्हणजे गावात जन्म, नागपुरात शिक्षण इथपर्यंत जमलं. पण भिंतीसाठी मुंबईच गाठावी लागली.

१९५२ साली सर कावसजी जहांगीर यांच्या देणगीतून जहांगीर आर्ट गॅलरी उभी राहिली. अनेक वर्षं सोसायटीचं वार्षिक प्रदर्शन म्हणजे जहांगीर हे समीकरणच होतं. आता सोसायटीची स्वतःची इमारत वांद्रे रिक्लेमेशनला आहे, वास्तुरचना संजय पुरी यांच्या फर्मची. वळणावळणाची पांढरी इमारत आहे, रिक्षातून जातानाही नजर जाते.

आता कामाची गोष्ट. अशा संस्थांच्या प्रदर्शनात भाग घ्यायचा म्हणजे काय करायचं?

पद्धत बहुतेक ठिकाणी सारखीच असते. संस्था अर्ज मागवते, विद्यार्थी आणि व्यावसायिक असे गट असतात. प्रवेश शुल्क भरायचं, चित्राचा फोटो पाठवायचा. निवड समिती फोटोंवरून पहिली चाळणी लावते. नंबर लागला तर मूळ चित्र फ्रेम करून, स्वतःच्या खर्चाने, दिलेल्या तारखेच्या आत पोचवायचं. प्रदर्शन संपलं की ठरलेल्या मुदतीत परत न्यायचं. विकलं गेलं तर संस्था ठरावीक कमिशन कापून घेते. अर्ज भरताना दोन गोष्टी नीट वाचा. निवड झाली नाही तर शुल्क परत मिळतं का, आणि चित्र वाटेत किंवा हॉलमध्ये खराब झालं तर जबाबदारी कोणाची? दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर सहसा ‘कलाकाराची’ असंच असतं.

मुंबई-पुण्याच्या मुलाला हे सोपं जातं. चित्र टेम्पोत टाकलं की झालं. गोंदियाहून काच लावलेली तीन फुटी फ्रेम स्लीपरच्या डब्यात बर्थखाली सरकवून बघा. म्हणून लांबून पाठवणारे बरेच जण कॅनव्हास गुंडाळून नेतात आणि तिकडे पोचून फ्रेम करतात. खर्च वाढतो तो वाढतोच.

जवळचे पर्यायही आहेत. कला संचालनालयाचं महाराष्ट्र राज्य कला प्रदर्शन हे सरकारी, त्यात विद्यार्थी आणि कलाकार असे वेगळे विभाग असतात. नागपूरचं दक्षिण मध्य क्षेत्र सांस्कृतिक केंद्र १९८६ पासून आहे. कलाकुसर करणाऱ्यांसाठी तिथला ऑरेंज सिटी क्राफ्ट मेळा महत्त्वाचा, कारण तिथे स्टॉलवर बसून माल थेट गिऱ्हाइकाला विकता येतो.

आपल्या भागाला कलेचं वावडं आहे असं तर कोणी म्हणूच नये. दिवाळी झाली की मंडई भरते आणि झाडीपट्टीची नाटकं रात्रभर चालतात. लोक तिकीट काढून, अंगावर शाल घेऊन सकाळपर्यंत बसतात. वडसा म्हणजे या नाटकांची बाजारपेठ. २०२३ साली झाडीपट्टीचे परशुराम खुणे यांना पद्मश्रीही मिळाली. नाटकाला इथे व्यवस्था आहे: कंपनी, तारीख, तंबू, तिकीट. चित्राला तशी व्यवस्था लागते आणि ती कोणीतरी उभी करावी लागते.

कायद्याच्या बाजूने बघितलं तर ते फार अवघड नाही. १८६० च्या संस्था नोंदणी कायद्याखाली संस्था काढायला किमान सात माणसं लागतात. नाव, उद्देश, नियमावली तयार करायची आणि महाराष्ट्रात सार्वजनिक न्यास म्हणून धर्मादाय आयुक्तांकडेही नोंद करायची. मग दरवर्षी हिशेब सादर करायचा. सगळ्यात जास्त संस्था इथेच ढेपाळतात. आयकर खात्याची ८०जी मान्यता मिळाली तर देणगी देणाऱ्याला सवलत मिळू शकते. २०१३ च्या कंपनी कायद्यातल्या सीएसआरच्या यादीत कला आणि संस्कृतीचा समावेश आहे, त्यामुळे मोठ्या कंपनीकडे मागायलाही जागा आहे.

आणि हॉल नाही म्हणून अडलं असेल, तर आरा यांचं पहिलं एकल प्रदर्शन १९४२ साली ‘चेतना’ नावाच्या रेस्टॉरंटमध्ये भरलं होतं.