पीट टाउनशेंड : गिटारचा कल्लोळ आणि मेहेराबादचे मौन

अहमदनगर (आताचे अहिल्यानगर) शहराजवळ, दौंड रस्त्यावरील अरणगाव येथे अवतार मेहेरबाबांची समाधी आहे. ३१ जानेवारीच्या अमरतिथीला तेथे देशोदेशींचे भाविक जमतात. १९७२ मध्ये या समाधीच्या दर्शनाला आलेल्यांत इंग्लंडमधील ‘द हू’ या बँडचे गिटारवादक पीट टाउनशेंड हेही होते. रंगमंचावर गिटार आपटून फोडणारा कलावंत म्हणून जग त्यांना ओळखत होते. त्यांचे गुरू मात्र १० जुलै १९२५ पासून अखेरपर्यंत मौन पाळणारे होते.

टाउनशेंड यांचा जन्म १९ मे १९४५ रोजी लंडनमध्ये झाला. वडील सॅक्सोफोनवादक, आई गायिका. १९५६ च्या नाताळात आजीने त्यांना एक स्वस्त गिटार भेट दिली. तेव्हा ते अकरा वर्षांचे होते. शाळेतील मित्र जॉन एन्टविसल यांच्याबरोबर त्यांनी वादनास आरंभ केला. पुढे ईलिंगच्या कला महाविद्यालयात एका अमेरिकी सहाध्यायाच्या तबकड्यांच्या संग्रहातून जॉन ली हूकर, जिमी रीड आदी कृष्णवर्णीय कलावंतांचे ब्लूज त्यांच्या कानी पडले. या संगीताचा ठसा त्यांच्या वादनावर कायम राहिला.

१९६४ मध्ये रॉजर डाल्ट्री, एन्टविसल आणि कीथ मून यांच्यासह ‘द हू’ आकारास आला. त्याच वर्षी हॅरो येथे ठेंगण्या छताला आपटून त्यांच्या गिटारचे टोक मोडले आणि वाद्य फोडणे हा त्यांच्या प्रयोगाचा भागच झाला. लांबलचक एकल वादनापेक्षा हात चक्राकार फिरवून छेडलेले दमदार कॉर्ड्स ही त्यांची ओळख ठरली. १४ फेब्रुवारी १९७० रोजी लीड्स विद्यापीठात ध्वनिमुद्रित झालेल्या मैफलीत मोझ ॲलिसन यांच्या ब्लूज रचनेला त्यांनी दिलेले रॉक रूप आजही आदर्श मानले जाते.

कीर्तीबरोबर अमली पदार्थही आले. १९६७ मध्ये चित्रकार माइक मॅकिनर्नी यांच्यामुळे त्यांना मेहेरबाबांची शिकवण कळली. एलएसडीसारख्या द्रव्यांतून ईश्वरानुभव मिळतो, हा त्या काळातील तरुणांचा समज बाबांनी स्पष्टपणे नाकारला होता. टाउनशेंड यांनी ती द्रव्ये सोडली. १९६९ च्या मे महिन्यात आलेल्या ‘टॉमी’ या रॉक ऑपेऱ्याच्या श्रेयनामावलीत ‘अवतार’ म्हणून मेहेरबाबांचे नाव आहे. आंधळ्या, बहिऱ्या, मुक्या मुलाची ही कथा प्रसिद्ध होण्यापूर्वीच, ३१ जानेवारी १९६९ रोजी, बाबांनी देह ठेवला होता. गुरुशिष्यांची प्रत्यक्ष भेट झाली नाही.

१९७१ च्या ‘बाबा ओ’रायली’ या गीताच्या शीर्षकात मेहेरबाबा आणि संगीतकार टेरी रायली यांची नावे एकत्र आली. १९७२ च्या ‘हू केम फर्स्ट’ या स्वतंत्र अल्बममध्ये बाबांच्या ‘परवरदिगार’ प्रार्थनेला त्यांनी चाल दिली. १९७६ मध्ये लंडनजवळ ट्विकनहॅम येथे त्यांनी बाबांच्या नावे केंद्रही उघडले.

तथापि हा मार्ग सरळ नव्हता. १९७८ मध्ये मून यांचे अकाली निधन झाले. त्यानंतरच्या काळात टाउनशेंड मद्य व हेरॉइनच्या आहारी गेले आणि १९८२ मध्ये उपचारांनी सावरले. मोठ्या आवाजाची किंमतही त्यांना मोजावी लागली. १९७६ मधील चार्ल्टनच्या मैफलीची गिनेस बुकाने सर्वाधिक मोठ्या आवाजासाठी नोंद घेतली होती. त्याच आवाजाच्या जगात वावरलेल्या टाउनशेंड यांची श्रवणशक्ती क्षीण झाली आणि कानात सतत गुणगुण सुरू झाली. तरुण वादकांनी कान जपावेत, हे ते नंतर जाहीरपणे सांगू लागले.

२००२ मध्ये एन्टविसल गेले. डाल्ट्री व टाउनशेंड यांनी बँड पुढे चालविला. २०१२ मध्ये त्यांचे आत्मचरित्र प्रसिद्ध झाले, तर २०२५ मध्ये ‘द हू’ने उत्तर अमेरिकेचा निरोपाचा दौरा केला. अकराव्या वर्षी हाती आलेल्या गिटारने त्यांना जगभर नेले. त्या प्रवासात नगरजवळच्या एका माळावरील समाधीलाही स्थान आहे, हे नगरकरांपैकीही अनेकांना ठाऊक नसेल.