व्हॅलिन

व्हॅलिन हे प्रथिनांच्या घडणीत वापरल्या जाणाऱ्या २० प्रमुख अमिनो आम्लांपैकी एक आहे. मानवी शरीर ते तयार करू शकत नसल्याने ते आहारातून मिळवावे लागते. म्हणून त्याची गणना आवश्यक अमिनो आम्लांत होते. दूध, अंडी, मांस, डाळी व शेंगदाणे हे त्याचे स्रोत होत. जर्मन रसायनशास्त्रज्ञ एमिल फिशर यांनी १९०१ मध्ये दुधातील केसीन या प्रथिनापासून ते वेगळे केले.

रचना व कार्य

व्हॅलिनची पार्श्वशाखा केवळ कार्बन व हायड्रोजन यांची असून ती दुभंगलेली असते. तिच्यावर विद्युतभार नसतो आणि ती पाण्यापासून दूर राहते. त्यामुळे पाण्यात विरघळणाऱ्या प्रथिनाची घडी पडताना व्हॅलिन बहुधा आतल्या भागात जाते व त्या घडीला स्थैर्य देते.

सिकलसेल आजार

हिमोग्लोबिनच्या बीटा साखळीत १४६ अमिनो आम्ले असतात. सहाव्या स्थानी ऋणभारित ग्लुटामिक आम्ल असते. जनुकातील जीएजी हा संकेत जीटीजी झाल्यास तेथे व्हॅलिन येते. ऑक्सिजन सोडलेल्या हिमोग्लोबिनमध्ये हे व्हॅलिन शेजारच्या रेणूवरील खाचेत बसते. असे रेणू जोडले जाऊन लांब तंतू बनतात आणि तांबड्या रक्तपेशी विळ्यासारख्या वाकड्या होतात. त्या लवकर नष्ट होतात व सूक्ष्म रक्तवाहिन्या अडवतात. परिणामी रक्तक्षय व तीव्र वेदना उद्भवतात. लायनस पॉलिंग व सहकाऱ्यांनी १९४९ मध्ये या हिमोग्लोबिनचा विद्युतभार वेगळा असल्याचे दाखवले. पुढे व्हर्नन इंग्रॅम यांनी नेमका बदल शोधला.

विदर्भातील स्थिती

मध्य भारतातील सिकलसेल वाहकांविषयी शुक्ला व सोळंकी यांचा नागपूर येथील अभ्यास १९५८ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये प्रसिद्ध झाला. विदर्भात हा दोष गोंड, माडिया, परधान आदी आदिवासी समाजांत तसेच इतर काही समाजांतही आढळतो. एकाच पालकाकडून सदोष जनुक मिळालेली व्यक्ती ‘एएस’ म्हणजे वाहक असते व बहुधा निरोगी राहते. दोघांकडून मिळाल्यास ‘एसएस’ म्हणजे रुग्ण ठरते. दोन्ही पालक वाहक असतील तर प्रत्येक गर्भधारणेत अपत्य रुग्ण होण्याची शक्यता २५ टक्के असते. म्हणून विवाहापूर्वी रक्ततपासणी महत्त्वाची ठरते. प्राथमिक विद्राव्यता चाचणीनंतर इलेक्ट्रोफोरेसिसने एएस व एसएस यांतील फरक निश्चित करता येतो. भारत सरकारने १ जुलै २०२३ रोजी राष्ट्रीय सिकलसेल निर्मूलन अभियान सुरू केले.

हा आजार आनुवंशिक आहे. तो संसर्गाने होत नाही, तसेच आहारातील व्हॅलिनमुळेही होत नाही. त्यामुळे रुग्णाने व्हॅलिनच्या भीतीने डाळी किंवा दूध वर्ज्य करण्याचे कारण नाही.