फायरप्लेसभोवतीचे थंड झोत : एका विस्मृत हवामार्गाचा इतिहास

युरोप व उत्तर अमेरिका येथील गृहजीवनाच्या वर्णनांत भिंतीत बांधलेली लाकडाची उघडी चूल, म्हणजेच फायरप्लेस, ही कौटुंबिक जिव्हाळ्याचे केंद्र म्हणून येते. प्रत्यक्षात तिच्यासमोर बसणाऱ्याची छाती भाजत असे आणि पाठ गारठत असे. या विसंगतीचे कारण आगीतच दडलेले आहे. जळत्या लाकडावरील उष्ण हवा धुराड्यातून वर निघून जाते व तिची जागा भरून काढण्यासाठी दारे-खिडक्यांच्या फटींतून बाहेरची थंड हवा आत ओढली जाते. आग जितकी मोठी, तितका झोत तीव्र. फटी बुजविल्यास आगीला हवा अपुरी पडते आणि धूर खोलीत पसरतो. थंडी आणि धूर यांपैकी एकाची निवड करणे एवढेच गृहस्थाच्या हाती उरत असे.

या पेचातून मार्ग काढण्याचा विचार फ्रान्समध्ये प्रथम सुस्पष्टपणे मांडला गेला. सतराव्या शतकाच्या पूर्वार्धात लुई सावो यांनी चुलीच्या तळाखालून व पाठीमागून हवा खेळवून ती तापवून खोलीत सोडण्याची रचना वर्णिली. निकोला गोजे यांनी १७१३ मधील ग्रंथात हे तत्त्व विस्ताराने मांडले; देझाग्युलिये यांच्या इंग्रजी भाषांतरामुळे ते इंग्लंडमध्ये व पुढे अमेरिकन वसाहतींत पोहोचले.

बेंजामिन फ्रँकलिन यांनी १७४४ मध्ये फिलाडेल्फिया येथे 'पेन्सिल्व्हेनियन फायरप्लेस'ची माहिती देणारी पुस्तिका छापली, तेव्हा गोजे यांचे ऋण त्यांनी मान्य केले होते. पुस्तिकेतील युक्तिवाद मुळात आर्थिक आहे. शंभर वर्षांपूर्वी प्रत्येकाच्या दारात मिळणारे लाकूड आता काही नगरांना जवळपास शंभर मैलांवरून आणावे लागते, असे त्यांनी नोंदविले. झोतांमुळे होणाऱ्या सर्दी-पडशाचे व दातांच्या विकारांचे वर्णनही तेथे आहे. ओतीव लोखंडाच्या पत्र्यांची ही पेटी जुन्या फायरप्लेसच्या पोकळीत बसविली जाई. तिच्या मध्यभागी आडव्या पडद्यांनी विभागलेली एक हवापेटी होती. चुलीखालच्या पोकळ मार्गाने आलेली ताजी हवा तीत नागमोडी फिरून तापे व बाजूच्या छिद्रांवाटे खोलीत येई. बाहेरची हवा फटींतून चोरपावलांनी येण्याऐवजी नेमून दिलेल्या वाटेने, तापून यावी, हा या रचनेचा गाभा होय. पूर्वीच्या एक चतुर्थांश लाकडात आपली खोली दुप्पट उबदार राहते, असा फ्रँकलिन यांचा दावा होता. स्वतःच्या शोधाविषयी शोधकाने केलेले हे विधान अर्थातच सावधपणे स्वीकारले पाहिजे.

गव्हर्नर थॉमस यांनी देऊ केलेले पेटंट फ्रँकलिन यांनी नाकारले, ही कथा सर्वश्रुत आहे. त्या रचनेचे पुढे काय झाले, हे मात्र फारसे सांगितले जात नाही. धूर आधी खाली वळवून मग धुराड्यात नेणारा तिचा मार्ग थंड असताना नीट ओढत नसे. तो पुढे वगळण्यात आला. त्यासोबत हवापेटीही बहुतांशी गळाली. 'फ्रँकलिन स्टोव्ह' या नावाने नंतर विकली गेलेली वस्तू बहुधा पुढून उघडी अशी साधी लोखंडी चूल असे. नाव टिकले, ज्यासाठी ते मिळाले होते तो हवामार्ग नाहीसा झाला.

काउंट रम्फर्ड (बेंजामिन थॉम्पसन) यांनी १७९६ च्या निबंधात वेगळी दिशा घेतली. धुराड्याचा गळा सुमारे चार इंचांपर्यंत अरुंद करणे, बाजूच्या भिंती तिरप्या बांधून उष्णता खोलीत परावर्तित करणे हे त्यांचे उपाय गवंड्याला सहज करता येण्याजोगे होते, आणि म्हणूनच ते पसरले. झोत त्यामुळे घटला. परंतु आगीसाठी लागणारी हवा खोलीतूनच घेतली जात राहिली. फ्रँकलिन यांनी १७८५ च्या धुरकट धुराड्यांविषयीच्या पत्रात अतिघट्ट घर हेच धुराचे पहिले कारण सांगितले होते आणि बाहेरची हवा छताजवळून, जिथे खोलीतील हवा सर्वांत उष्ण असते तिथून, घ्यावी असे सुचविले होते.

१९७३ च्या तेलटंचाईनंतर अमेरिकेत जुन्या फायरप्लेसमध्ये लोखंडी चूल सरकवून बसविण्याची लाट आली. तिलाच इन्सर्ट म्हणतात. आरंभीच्या अनेक इन्सर्टना धुराड्याच्या माथ्यापर्यंत स्वतंत्र नळी नसे. धूर थेट जुन्या रुंद धुराड्यात सोडला जाई व थंड विटांवर ज्वलनशील क्रिओसोट साचे. व्यवसायात यांना 'स्लॅमर' असे नाव पडले. नंतर पोलादी नळी वर नेण्याची पद्धत रूढ झाली. तथापि नळी बसविण्यासाठी जुनी झडप काढावी किंवा कापावी लागते. नळीभोवतीची पोकळी उघडी राहिल्यास आग विझल्यावर धुराड्यातील जड, थंड हवा खाली उतरते आणि दर्शनी पत्र्याच्या कडेने खोलीत शिरते. धुराडे बाहेरच्या भिंतीत असेल किंवा स्वयंपाकघरातील पंखा घरातील हवा बाहेर खेचत असेल, तर हा झोत अधिक जाणवतो.

यावर दर्शनी पत्र्यामागे काचलोकर कोंबणे हा घरगुती उपाय प्रचलित आहे. पण तिच्यातील बंधक द्रव्य उष्णतेने जळून वास सोडते आणि इन्सर्टची उष्णता वरच्या विटांकडे जाणे थांबत नाही. योग्य जागा झडपेच्या पातळीवरची होय : नळीपुरते भोक असलेला पोलादी पत्रा, त्यावर दगडी लोकर, कडांना उच्च तापमान सोसणारा लेप. रम्फर्ड यांनी अरुंद केलेला गळा येथे पूर्णच बंद होतो.

अमेरिकेच्या पर्यावरण संरक्षण संस्थेने १९८८ मध्ये लाकडाच्या चुलींच्या धुरावर मर्यादा घातली. २०२० पासून ती सर्वसाधारणपणे तासाला २ ग्रॅम कणद्रव्य इतकी खाली आणली गेली. काचेचे दार असलेली बंद चूल उघड्या फायरप्लेसपेक्षा कितीतरी कमी हवा खाते, त्यामुळे झोताचा मूळ प्रश्न सौम्य झाला आहे. आधुनिक घरे मात्र त्याच काळात अधिक घट्ट झाली. बाहेरची हवा थेट आगीपर्यंत नेणारी नळी अनेक इन्सर्टसोबत आजही केवळ ऐच्छिक जोडणी म्हणून मिळते.